दोन तिथी मागे

सरावली,
१९ एप्रिल, रविवार

हेमाली,

सगळं बदललं ते काल दुपारी पाऊण वाजता, दांडीच्या वाळूवर. तुमच्या शेजारच्या रत्नाबाईंनी ओल्या पदराला फोन पुसला, डाव्या हातानं माझ्यासमोर धरला आणि विचारलं, "यात तं पानी उतरलंय. मंग ह्या काय हाय?" आम्ही गुडघाभर पाण्यात उभे होतो. फोनमधली वाळू कोरडी होती. तू रंगवलेली वाळू, उजव्या कोपऱ्यात तुझा तो खेकडा.

नंबर बंद करून टाकलास म्हणून हे पत्र. उद्या पोस्टातल्या बाई विचारतील, "स्पीड पोस्ट? नोकरीचा अर्ज वाटतं?" मी हो म्हणेन.

तुला आईनं फोनवर सांगितलंच असेल, तरी माझ्याकडूनही ऐक. यंदा जवळा भरमसाट आलाय. वरचं वाळवणीचं खळं भरलं, म्हणून बायकांनी पावणेबाराच्या सुमाराला खाली उतारावर जुनी जाळी अंथरली आणि उरलेला जवळा तिथं पसरला. पाणी उतरायला लागलंय असं सगळ्याच म्हणत होत्या. पण पाणी वरच येत राहिलं. मग टोपल्या घेऊन एकच धावाधाव. रत्नाबाई जाळ्याचं टोक धरून ओढत होत्या. लाट मागे फिरली, जाळं तिच्याबरोबर गेलं आणि जाळ्याबरोबर बाई खडकावर. उजवं मनगट मोडलं. तुझ्या आईनं आणि मी त्यांना रिक्षात घातलं, बोईसरला नेऊन प्लास्टर केलं. वाटेत त्या रडल्या नाहीत, जवळ्याला शिव्या घालत होत्या. तुझी आई एकदाच बोलली, "तू हितं कसा?"

मी सहज आलो होतो. चिंचणीला मित्राकडे काम होतं, तिथून पुढे.

काल वारा फार होता. परवाच अमावास्या सरलेली, उधाणाचे दिवस, त्यात वारा. अशा वेळी पाणी कुणाचं ऐकतं? सगळे तेच म्हणत होते.

तू मात्र अजून डिसेंबरच धरून बसली आहेस. गेमची लिंक बंद केली, तुला विचारलं नाही, ठीक आहे, चुकलं. पण माझंही बघ ना. आपला 'आलं पाणी' हा गेम ब्राउझरमध्ये होता तेव्हा रोज दोनशे-अडीचशे लोक उघडायचे, पाच सेकंद थांबायचे आणि जायचे. पाच सेकंदांत होडीचा दोरसुद्धा सुटत नाही! मी रोज तो आकडा बघायचो. दोन वर्षं घासून बनवलेला गेम आणि लोक उंबऱ्यावरूनच परत. अशात हैदराबादच्या कंपनीचा फोन आला. ते म्हणाले, ॲप कर, आम्ही चालवतो, पण लिंक बंद पाहिजे, जे रस्त्यावर फुकट मिळतं ते दुकानात येऊन कोण घेईल? यात चूक काय? ॲप फोनमध्ये राहतं. त्याचं चित्र पडद्यावर बसतं, माणूस दिवसातून पन्नास वेळा बघतो. लिंक कुठल्यातरी चॅटच्या तळाशी जाते, मग कोण शोधतं तिला.

तुझं नाव ॲपवर नाही याचा राग आहे, माहीत आहे. तिथं बनवणाऱ्याच्या नावाचा एकच रकाना होता.

एकदा तरी फोन लाव. दोन मिनिटं.

तुझा
ज्ञानेश

*

सरावली,
२२ एप्रिल

हेमाली,

माझं पाकीट बहुतेक आज पोचलं असेल. तू ते फोडलं असशील की तसंच कचऱ्यात टाकलं असशील याचा विचार करत सकाळपासून तीनदा चहा झाला. आई म्हणते, दुधाची पिशवी तुझ्या नावानं वेगळी सांगते.

रत्नाबाई बऱ्या आहेत म्हणे. मी चौकशी केली, लांबूनच.

एक विचारायचं होतं. तू मला दर दोन महिन्यांनी सांगायचीस ना, "पाणी मागं पडलंय, एक पुढे कर"? ते तुला आई सांगायची, की तू कॅलेंडर बघायचीस? काही विशेष नाही. ॲपमध्ये एक बारीक दुरुस्ती टाकली आहे, म्हणून आठवलं. दुरुस्ती पाठवली की ॲपचे दुकानवाले आधी तपासतात, मग लोकांच्या फोनवर जाते. तीन दिवस तर झाले. तपासतायत काय, सोनं आहे का ते?

बाबांनी काल पुन्हा विषय काढला. त्यांच्या मते मी पत्ते पिसतो. "गेम म्हंजी जुगारच की रं. येक दारात बसून खेळत्यात, येक मोबाईलात." आई म्हणाली, जाऊ द्या हो, पोरगं घरात तरी आहे. म्हणजे तिच्या हिशेबानं माझी एवढीच जमेची बाजू.

कॉलेज सोडल्याचा मला पश्चात्ताप नाही. सरांनी प्रोजेक्टला गेम नाकारला आणि म्हणाले ग्रंथालयाची नोंदणी बनव, चार वर्षं सगळे तीच बनवतात. मी वही टेबलावर आपटली आणि जिना उतरलो. तू मागून हाक मारलीस. मला वाटलं तूही येशील. तू म्हणालीस, "अरे, छत्री विसरलास." हे आठवलं की अजून हसू येतं.

बडोद्यात उकडत असेल. चित्रं काढतेस ना?

ज्ञानेश

*

सरावली,
२६ एप्रिल

हेमाली,

तुझं पाकीट काल आलं. जिन्यातच फाडलं. चित्राच्या जाड कागदाचा चतकोर आणि त्यावर एकच ओळ: 'शेवटचं पाणी कधी पुढे केलंस?'

नमस्कार नाही, नाव नाही. तरी चारदा वाचली.

तर ऐक. वीस डिसेंबरला. अमावास्या होती. सकाळी तू सांगितलंस की एक पुढे कर, मी केला, तोच आकडा ॲपमध्ये घातला आणि संध्याकाळी लिंक बंद केली. त्यानंतर तू बोललीच नाहीस, मग मला सांगणार कोण? हे वाक्य लिहिल्यावर मलाच लाज वाटली. खोडत नाही, राहू दे.

गेममधला समुद्र दांडीच्या खऱ्या भरतीवर चालावा म्हणून तू शिकवलं होतंस, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. आपण पालघरच्या स्टेशनबाहेर वडापाव खात होतो आणि तू बोटांवर मोजून दाखवलंस. मी घाटावरचा माणूस, आमच्या बार्शीत तिथी म्हणजे उपास आहे की नाही एवढंच. घरी येऊन नेटवर शोधलं, कळलं की पाऊण नाही, नेमकी अठ्ठेचाळीस मिनिटं. केवढा खूश झालो. दांडीच्या लोकांचं गणित मी तीन मिनिटांनी सुधारलं! आणि तिथ्या कशा मोजल्या? एका अमावास्येपासून रोज एक, पंधरा आणि पंधरा तीस, की पुन्हा पहिल्यापासून. तिथी मध्येच गळते हे मला माहीत नव्हतं असं नाही. आई दर महिन्याला कॅलेंडरसमोर उभी राहून म्हणते, "ह्या पंधरवड्यात षष्ठी गेली बघ." पण ते उपासाचं, ते प्रोग्रॅममध्ये कशाला, असं मला वाटलं असणार. तीन मिनिटं शोधून काढणाऱ्यानं आख्खे दिवस गाळले.

म्हणून दर दोन महिन्यांनी माझं पाणी एका तिथीनं मागं पडायचं. तू सांगायचीस, मी एक वाढवायचो, लिंक उघडणाऱ्या प्रत्येकाला तत्काळ बरोबर पाणी दिसायचं. कधी विचारलंही नाही की असं का होतं. मला वाटायचं, तू बोलायला निमित्त काढतेस.

आता चार महिने झाले. दोन तिथी. अठराला प्रतिपदा होती, खरी भरती पाऊण वाजता. ॲपमध्ये अजून चतुर्दशी चालली होती, त्यातली भरती सव्वाअकरालाच संपली. बायकांनी फोन बघितला, पाणी उतरताना दिसलं, खाली जाळी अंथरली.

वारा फार नव्हता, हेमाली. पानसुद्धा हलत नव्हतं.

ते पाच सेकंदांचं कोडं मला आत्ता सुटलं. तू सांगितलं होतंस, "अरे, ते खेळायला येतच नाहीत." मला राग आला होता, चित्रं काढणारीनं गेम कळण्याच्या गप्पा मारू नयेत असंही मी बोललो होतो. ते पाणी बघायला येत होते. ज्यांच्या घरातून समुद्र दिसत नाही ते. उघडायचं, पाणी कुठं आहे बघायचं, कामाला लागायचं. पाच सेकंद पुरतात.

आता धास्ती ऐक. ॲप एकसष्ट फोनांत आहे, जवळजवळ सगळे दांडी-तारापूरच्या बाजूचे. दुरुस्ती गुरुवारी पास झाली. आज रविवार, ती फक्त नऊ फोनांनी घेतली आहे. बाकीच्यांत जागा नाही, नाहीतर डेटा वाचवायला अपडेट बंद ठेवलेलं. मला आकडा दिसतो, नावं दिसत नाहीत. बावन्न फोनांत अजून चुकीचा समुद्र आहे आणि शुक्रवारी पौर्णिमा. पुन्हा उधाण. महिन्यानं मासेमारी बंद होणार, म्हणून आत्ता जो तो वाळवायच्या मागे. त्या दिवशी खरी भरती बाराला, ॲपमधली साडेदहाच्या आधीच संपलेली असेल. मी सारखं बघतो, दहा झाले का, अकरा झाले का. नऊवरच अडकलंय.

परवा मी दांडीला गेलो होतो. सांगायलाच. तुझे बाबा जाळं शिवत होते, शेजारी आत्माराममामा विडी ओढत.

"काय रं घाटावरच्या," बाबा मान वर न करता म्हणाले, "दर्या मोबाईलमंदी मावला काय?"

"आता होडी पन मोबाईलमंदीच हाकायची, कमलाकांत," मामा म्हणाले. "डिझल वाचंल."

त्यांना काही माहीत नव्हतं गं. नेहमीची चेष्टा. पण मी पेटलो. म्हणालो, "गेम बघून जवळा कोण वाळत घालतं? डोळे फुटलेत का लोकांचे?" ओरडलोच. किनाऱ्यावरच्या बायका वळून बघायला लागल्या.

तुझ्या बाबांची सुई थांबली. ते शांतपणे म्हणाले, "रत्नाचे डोले खरंच गेलेत रं. मोतीबिंदू हाय. म्हनून तं ती फोनात बगते, मोठा दिसतं."

मी गाडीला किक मारली. दोनदा बंद पडली. ते दोघं बघत होते.

तू तुझ्या आईला कळवशील, हे मला दिसतंय. कळवू नकोस. मी सांगतो. मला दोन दिवस दे.

ज्ञानेश

*

सरावली,
२९ एप्रिल

हेमाली,

दोन दिवस मागितले होते, तीन झाले. सांगितलं एकाच माणसाला.

काल मी रत्नाबाईंकडे गेलो. त्या ओट्यावर बसल्या होत्या, हात गळ्यात. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं, तिथ्या, गळणं, डिसेंबर, सगळं. त्या ऐकत होत्या की नाही कळेना. मग म्हणाल्या, "मंग मी धा दिवस फोनाला बोलते, तू खोटारडा, तू खोटारडा. आता तुला बोलू?"

"बोला."

"बस हितं आदी. मान दुकते वर बगून."

बसलो. खूप बोलल्या. लिहिण्यासारखं नाही. संपल्यावर फोन पुढे केला. "काडून टाक ह्या. जुना बरा होता. बोट लावला का पानी. ह्या नवीन उघडताना साबनाची जायरात दावतो, तवर भरती येऊन जातं. जुना का मोडलास?"

मी म्हणालो, मोठं व्हायचं होतं.

"मोटा होऊन खालीच बगायचा असतं पोरा," त्या म्हणाल्या, आणि लगेच, "भाकर खातस?" एका हातानं भाकरी होत नाही म्हणून शेजारून आलेली होती. तुझ्याच घरून. मी ती खाल्ली, तुझी आई भिंतीपलीकडे कोणाला तरी रागावत होती आणि मला उठून तिच्या दारात जाता आलं नाही. दहा पावलं नसतील.

रत्नाबाई म्हणाल्या, "पुनवेला सगल्या पोरी खाली पसरतील. मंजुळाला सांग. ती सांगंल तं ऐकतील, तुजा कोन ऐकतं?" तुझ्या आईचं नाव निघताच मी हो हो म्हणत सटकलो.

त्यांच्या फोनमधून ॲप काढलं खरं, पण बदल्यात काय देणार? लिंक बंद. फोन हातात घेऊन त्या विचारत होत्या, "मंग आता पानी कुठं?"

संध्याकाळी हैदराबादला फोन लावला. म्हटलं, लिंक थोडे दिवस चालू करू द्या, सुरक्षेचा प्रश्न आहे. तो माणूस गोड बोलतो. "भाई, लिंक चालू, तो एग्रीमेंट खतम. सीधी बात. वेब पे क्या रखा है?" मग म्हणाला, त्यांनी गेम नीट बघितला. "प्लेयर को छे-छे घंटे पानी का वेट करवाते हो? ओहोटी-वोहोटी निकाल दो. पानी हमेशा फुल रखो." पंधरा मेपर्यंत तशी आवृत्ती दिली की ते देशभर लावतील. जाहिरात, मोठं चित्र, सगळं.

पाणी कायम भरलेलं. तू असतीस तर हसून लोळली असतीस. मला हसू आलं नाही. मी 'सोचता हूँ' म्हणालो. रत्नाबाईंच्या हाताचं प्लास्टर बघून आल्यावर चार तासांनी मी 'सोचता हूँ' म्हणालो, हे तुला कळायला हवं, कारण तू मला चांगला समजायचीस.

हे गेलं तर माझ्याकडे काय राहतं? कॉलेज नाही, तू नाही. लिंक दाखवून कोणी नोकरी देत नाही. बाबांना सांगितलं होतं की मेमध्ये तुम्हाला दिसेल. ते कोणाला काही बोलत नाहीत, पण त्यांच्या कंपनीच्या गेटवर दोघातिघांनी मला विचारलं, "तुझं ते हैदराबादचं काय झालं?" म्हणजे ते बोलतात.

आज ते पहिल्या पाळीवरून आले, तेव्हा मी विचारलं, "बॉयलरवर मीटर खोटं दाखवायला लागलं तर काय करता?"

"लाल फडकं बांधायचं."

"मग?"

"मग काय? फडकं बांधणाऱ्यानं तितंच हुभं ऱ्हायाचं, दुसरं मीटर बसंस्तवर. येनाराला सांगायचं, ह्येच्याकडं बघू नगंस. फडकं बांधून च्या प्यायला गेला की झालं." मग माझ्याकडे बघून, "का रं? तुझ्या पत्त्यातबी बॉयलर आलाय व्हय?"

त्यांनी ताट पुढे ओढलं, पण दोन घास झाल्यावर म्हणाले, "कुनाला लागलंय का?"

मी म्हटलं, "हो."

"मग बसलायस कशाला?" एवढंच. पुढं विचारलं नाही.

आता तुला न सांगितलेल्या गोष्टी. चिंचणीला माझा कोणी मित्र नाही. त्या शनिवारी तू सुट्टीला आली असशील म्हणून आलो होतो, तुमच्या गल्लीतून तीन चकरा मारल्या. तुझी आई बघत होती.

नावाचा रकाना एकच होता, हे खरं. पण त्यात 'हेमाली आणि ज्ञानेश' मावलं असतं. खाली गेमची माहिती लिहायला चार हजार अक्षरांची जागा होती. मी नऊशे वापरली. तुझं नाव लिहून खोडलं, कारण तू आदल्या दिवशी ॲपला नाही म्हणाली होतीस.

आणि तिसरं. लिंक कुठल्या गावात उघडली ते मला दिसायचं. बंद करायच्या आदल्या दिवशी बडोद्यातून अकरा वेळा उघडली होती. भरतीला, ओहोटीला, मधेच. मी ते बघितलं होतं. तू घरचा समुद्र बघते आहेस हे मला कळलं होतं. तरी दुसऱ्या दिवशी बंद केली. त्यावेळी मला वाटलं, आता तिला ॲप घ्यावंच लागेल.

दुरुस्ती घेतलेले फोन: तेरा.

ज्ञानेश

*

सरावली,
१ मे, सकाळचे सहा

हेमाली,

घाईत लिहितो.

काल संध्याकाळी लिंक चालू केली. जुनाच पत्ता, म्हणजे ज्यांच्या चॅटमध्ये पडून असेल त्यांनाही चालेल. पाणी आता मी मोजत नाही. चंद्र आकाशात खरोखर कुठे आहे ते काढून त्यावरून तिथी घेतो, गळायची असेल तर गळेल. तुला दर दोन महिन्यांनी सांगावं लागणार नाही. हे करायला दीड दिवस लागला, दीड दिवस! दोन वर्षं मी तो दीड दिवस काढला नाही, कारण तू सांगत होतीस ते मला आवडत होतं.

खाली नावं लिहिली. चित्रं आणि आवाज, हेमाली. बाकी, ज्ञानेश. तुझं पहिलं. नको असेल तर सांग, काढतो. यावेळी विचारून काढतो.

हैदराबादला मीच कळवलं. तो म्हणाला, "सोच लो, ऐसा मौका फिर नहीं आता." मी म्हटलं, पाणी भरतं आणि उतरतं, आमच्याकडे तसंच आहे. मग तो हिंदीत जे बोलला त्याला मी मराठीत उत्तर दिलं. ते जरा जास्तच झालं. आई आतून म्हणाली, "कुनाला रं शिव्या?" म्हटलं, नोकरीला. ॲप मी दुकानातून उतरवलं. पण उतरवलं तरी ज्यांच्या फोनमध्ये आहे त्यांच्यात ते तसंच राहतं, हे मला रात्री जेवताना कळलं.

दुरुस्ती घेतलेले चौदा. एक रत्नाबाईंचा, मी काढलेला. उरले सेहेचाळीस. त्यांत आज साडेदहाला पाणी उतरताना दिसेल. कुणाच्या फोनमध्ये आहे मला माहीत नाही. कोणत्या घरात कोणाचा मोबाईल, कोणती सून त्यात काय बघते, हे दांडीत एकाच बाईला माहीत आहे, आणि ती माझ्याकडे बघत नाही. तिच्या दारात जाऊन आधी सांगावं लागेल की काकू, चूक माझी होती, वाऱ्याची नव्हती, दर्याची नव्हती. तुझे बाबा तिथंच असणार. त्यांच्यावर ओरडलो होतो त्याचंही तिथंच बोलायचं आहे. ते काय म्हणतील याची मी सकाळी चारपासून तालीम करतोय. प्रत्येक तालमीत ते माझ्यापेक्षा चांगलं बोलतात.

मग काकू सोबत आल्या तर घरोघर. नाही आल्या तर मी एकटाच, एकेक दार वाजवत. फोन मागायचा, ॲप काढायचं, लिंक पडद्यावर ठेवून द्यायची. आणि दहानंतर बारापर्यंत वाळूवर उभं राहायचं. कोणी खाली जाळं अंथरायला आलं की सांगायचं, अजून चढतंय. हसतील. हसू देत. मारलंच तर आत्माराममामा मारतील, त्यांचा हात हलका आहे.

आज सुट्टी, पोस्ट बंद. पाकीट पेटीत टाकून जातो, उद्या निघेल. तुझ्या हातात पडेल तेव्हा चतुर्थीच्या आसपास असेल, भरती दुपारी तीनच्या पुढे-मागे. लिंक उघड आणि आईला फोन करून विचार पाणी कुठं आहे. जुळलं नाही तर एक ओळ लिही, मागच्यासारखी. जुळलं तर लिहिलंच पाहिजे असं नाही.

भीती वाटते आहे, पण बसून वाटते त्यापेक्षा चालताना कमी वाटेल असं वाटतं. बाबांनी कामावर जाताना बाइकची चावी टेबलावर ठेवली. ते आज कंपनीच्या बसनं गेले.

आई झोपली आहे. चप्पल हातात घेतो, जिन्यात घालीन. पाकिटाला गोंद लावला की निघालो. दार हळू ओढून घेतो.

ज्ञानेश